बोटीत बसण्याआधी तुम्ही काय बघता?

सईची मावशी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहितेय कारण गेल्या रविवारपासून रात्री धड झोप लागत नाहीये. आम्ही घरचे अकरा जण, आठ मोठे आणि तीन मुलं, एका धरणाच्या बॅकवॉटरला गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, तिथल्या लोकांचं पोट त्याच पाण्यावर आहे आणि मला कुणा एकाला धरायचं नाहीये. साडेचारची फेरी, शेवटची आहे म्हणून सगळ्यांची घाई. बोटीच्या कडेला पिवळ्या रंगात 'प्रवासी १२' लिहिलेलं मी चढताना वाचलं होतं. वाचलं आणि तरी चढले, हेच खुपतंय. आमच्या आधी नऊ जण बसलेले होते, म्हणजे झाले वीस. "लहान पोरं धरत नाही ताई," असं बोटवाला म्हणाला आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकून घेतलं.

लाइफजॅकेटं होती, नव्हती असं नाही. पुढच्या फळीखाली ढीग करून टाकलेली, ओलसर, कुबट वासाची. बायकांनी साड्या खराब होतील म्हणून घेतली नाहीत, पुरुषांनी मांडीवर ठेवली. माझी भाची सई सहा वर्षांची आहे. तिला मोठ्या माणसाचंच जॅकेट मिळालं, त्याचं मधलं बक्कल तुटलेलं आणि तिथे सुतळीची गाठ.

मधोमध गेल्यावर कुणीतरी ओरडलं, ते बघा बगळे, आणि डाव्या बाजूला सगळे उभे राहिले फोन काढून. वारा तोपर्यंत उठलेला होताच. बोट कलली आणि पाणी सरळ आत, माझ्या घोट्यापर्यंत. बोटवाला "खाली बसा, कुनी हलू नका" म्हणून जीव तोडून ओरडत होता. सई फळीवरून घसरून खाली बसली आणि तिचं जॅकेट वर सरकून पार कानांपर्यंत गेलं, फक्त कपाळ दिसत होतं. त्या क्षणी मला कळलं की ही पाण्यात पडली तर जॅकेट वर तरंगत राहील आणि पोर खालून निसटून जाईल.

डब्याने पाणी उपसत उपसत काठाला लागलो. कुणाला काही झालं नाही. घरी आल्यावर सगळे विसरले पण, मी नाही विसरू शकत. तर मला विचारायचंय की तुम्ही बोटीत बसण्याआधी नक्की काय बघता, आणि अख्खं घर उत्साहात असताना नको म्हणायचं तर कसं म्हणता?

भीमाकाठ

ताई तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं. मी उजनीच्या बाजूचा. आमच्याकडे २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सात जण होते, एक जण पोहत काठाला लागला आणि सहा जण गेले, त्यात लहान मुलं होती. ते फिरायला निघालेले नव्हते हो, रोजची ये-जा. रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा म्हणून लोक बोटीनेच जातात. पण पाणी तेच आणि वारा तोच, जिथे भिगवणला तुम्ही लोक फ्लेमिंगो बघायला येता.

शहरातल्या माणसाला धरणाचं पाणी म्हणजे तळं वाटतं. उजनीचं पाणी कुठे कुठे इतकं रुंद पसरलंय की वाऱ्याला अडवायला मधे काही नाही, दहा मिनिटांत आरसा असलेलं पाणी लाटांनी उसळायला लागतं. एप्रिल-मे मधे दुपारनंतर वळवाचं आभाळ भरतं. पाऊस नंतर येतो, वारा आधी येतो, आणि घात होतो तो वाऱ्याने. म्हणून आमच्याकडचा जाणता नावाडी पाहुण्यांना सकाळीच नेतो, पक्षीही तेव्हाच दिसतात. दुपारी चार-साडेचारची फेरी उन्हाळ्यात मी माझ्या घरच्यांना घेऊ देत नाही. दुसरं म्हणजे जलपर्णी. ती पंख्यात अडकली की इंजिन बंद पडतं आणि बोट वाऱ्याला आडवी होते. बोटीत वल्हं किंवा निदान लांब बांबू आहे का ते बघा, नुसत्या इंजिनाच्या भरवशावर जाऊ नका.

तांडेलाचा नातू

आमचं घर रेवसचं. आजोबा मचव्यावर तांडेल, म्हणजे बोटीचे मुख्य नावाडी होते. आमच्या भागात 'रामदास' बोटीचं नाव काढलं की म्हातारी माणसं अजून गप्प होतात. १७ जुलै १९४७, दुसऱ्या दिवशी अमावस्या, लोक सणाला गावी निघालेले, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणारी बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेवर माणसं गेली. पावसाळी समुद्र, कललेली बोट, आणि घाबरलेली माणसं सगळी एका बाजूला धावली. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी पकडलेली मासळी समुद्रात फेकून माणसं बोटींवर ओढली असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

हे जुनं उकरून काढतोय कारण सईच्या मावशीने लिहिलेलं तेच आहे. बोट कलली की माणूस उभा राहतो आणि दुसऱ्या बाजूला पळतो, हे अंगातूनच येतं. आजोबा आम्हाला लहानपणी होडीत घेऊन मुद्दाम होडी हलवायचे आणि म्हणायचे, बूड टेकव, हात फळीला लाव, आणि मी सांगेन तेवढंच हल. माणूस जेवढा खाली तेवढी होडी शहाणी.

आणि हेही सांगतो की सगळं वाईटच घडतं असं नाही. १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ फेरीबोट बुडायला लागली होती, ८८ प्रवासी, गस्तीवरची पोलीस बोट जवळ होती आणि सगळेच्या सगळे वाचले. जवळ मदतीची बोट असणं ही किती मोठी गोष्ट आहे बघा. तुम्ही निघता त्या काठावर दुसरी बोट उभी आहे का, काही झालं तर येईल कोण, हे विचारायला पाच सेकंद लागतात.

जहाजबांधणीवाला

मी या क्षेत्रात नोकरी करतो म्हणून थोडं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या. बोट उलटते ती नुसत्या जास्त वजनाने नाही. वजन किती उंचावर आहे आणि ते हलतंय का, यावर सगळं आहे. वीस माणसं बसलेली असताना जी बोट ठीक असते तीच वीस माणसं उभी राहिली की वजनाचा मध्य वर जातो आणि बोटीची सरळ होण्याची ताकदच कमी होते. त्यात घोटाभर पाणी आत आलं तर ते पाणी एका जागी राहत नाही, बोट ज्या बाजूला कलेल त्या बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. म्हणजे तुमच्या पायाशी आलेलं ते पाणी वजनापेक्षा धावण्यामुळे जास्त धोक्याचं होतं. उपसत राहिलात हे अगदी बरोबर केलंत.

३० सप्टेंबर २००९ ला थेक्कडीला दुमजली पर्यटक बोट उलटून ४५ जण गेले, तिथेही बरेचसे वरच्या मजल्यावर होते आणि काठावरचे प्राणी बघायला एका बाजूला सरकले. ७ मे २०२३ ला केरळातच तानूरला २२ जण गेले. ती मुळात मासेमारीची बोट, तिला वर मजला चढवून पर्यटकांसाठी केलेली, वर माणसंही जास्त आणि वेळ अंधाराची. खालच्या बंद भागातल्या लोकांना बाहेर पडायला जागा नव्हती.

यावरून एक गोष्ट जी फार लोकांना माहीत नसते. फोमचं जॅकेट घालून बंद केबिनमधे बसू नका. बोट उलटली तर तेच जॅकेट तुम्हाला छताला दाबून धरतं आणि बुडी मारून दारातून निघता येत नाही. जॅकेट घालायचंच, पण बसायचं उघड्यावर किंवा दाराशी. मुलांना हौस म्हणून वरच्या मजल्यावर नेऊ नका, आणि ज्या बोटीचा वरचा मजला नंतर जोडल्यासारखा दिसतो तिच्यात मी स्वतः पाय ठेवत नाही.

गिरगावकर

वरच्या सगळ्यांना +१, पण आपण आणि आपला बोटवाला कितीही नीट वागलो तरी पाण्यावर दुसरेही असतात. १८ डिसेंबर २०२४ ची नीलकमल आठवा. गेटवेहून घारापुरीला जाणारी साधी प्रवासी बोट, इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली, दोन्हीकडचे मिळून १५ जण गेले. आदळण्याआधी प्रवासी त्या स्पीडबोटीचे व्हिडिओ काढत होते, कुणाला स्वप्नात तरी वाटलं असेल का? परवान्यापेक्षा जास्त माणसं बोटीत होती आणि अंगात जॅकेटं नव्हती. बंदरातली पायलट बोट वेळेत पोचली म्हणून बरेच जण हाती लागले. त्यानंतर गेटवेला जॅकेट घातल्याशिवाय बोट सोडायची नाही असा नियम आला.

मी घारापुरीला लहानपणापासून शंभरदा तरी गेलो असेन, कधी जॅकेटला हात लावला नव्हता. वरती टांगलेली असायची, शोभेसारखी. आता घालतो. गरम होतं, घाम येतो, मान काचते, खरंय सगळं. पण पाण्यात पडल्यावर जॅकेट शोधून, उलगडून, पट्टे लावून घालणं हे कुणाला जमत नाही. एकदा स्विमिंग टँकमधे करून बघा. मी बघितलं, चांगला पोहणारा असून मला दीड मिनिट लागलं आणि दोनदा नाकातोंडात पाणी गेलं, तेही स्थिर पाण्यात आणि पाच फुटांवर कठडा असताना.

पाऊलखुणा

सगळे प्रवाशांनी काय करायचं तेच सांगताय. मला हे पटत नाही. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल होती, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त मुलं भरलेली, सगळ्यांना जॅकेटं नाहीत. त्या मुलांनी काय बघायचं होतं सांगा? कडेला लिहिलेला आकडा? जबाबदारी ठेकेदाराची, शाळेची आणि परवाना देणाऱ्यांची आहे. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, नोंदणी, तपासणी, विमा सगळं त्यात आहे. धरणावर कोण तपासतं? पाणी पाटबंधाऱ्याचं, काठ ग्रामपंचायतीचा, बोट कुणा तिसऱ्याची. अपघात झाला की आठ दिवस बोटी बंद आणि नवव्या दिवशी तोच सुतळी बांधलेला ढीग.

सईची मावशी

पाऊलखुणा, तुमचा राग मला कळतो आणि पटतोही. मी परत आल्यावर तिथल्या कार्यालयात लेखी तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे, फोटोसकट. पण रविवारी साडेचार वाजता सईच्या जॅकेटची गाठ बांधणारी मीच होते ना. कार्यालय सुधारेल तेव्हा सुधारेल, तोवर तिला कानापर्यंत आलेल्या जॅकेटात मी पुन्हा बसवणार नाही एवढंच माझ्या हातात आहे. दोन्ही व्हायला हवं.

देवबागचो

मी देवबागचो, पर्यटकांक घेऊन संगमार आणि डॉल्फिन बघूक नेतंय, सतरा वर्षां झाली. बाकीचा साध्या मराठीत लिहितो, सगळ्यांना कळायला.

आमच्याकडे २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबा करून परत येणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली, वीस पर्यटक होते, दोन गेले. दोन दिवसांनी हंगाम बंदच होणार होता, आमच्याकडे २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. मे च्या शेवटाला समुद्र फिरायला लागलेला असतो हे गावात लहान पोरालाही कळतं, पण शाळांना सुट्टी तेव्हाच, बुकिंगही तेव्हाच.

लोकांना वाटतं खोल समुद्र धोक्याचा. तसं नाही. नदी समुद्राला मिळते तिथे तोंडाशी वाळू साठते, पाणी उथळ असतं आणि लाट तिथेच फुटते. ओहोटीला नदीचं पाणी बाहेर धावतं आणि समुद्राची लाट आत येते, दोघांची टक्कर होते. तिथे बोट आडवी झाली की संपलं. त्यामुळे भरती-ओहोटी बघून आमची वेळ ठरते आणि पर्यटक म्हणतो, आम्हाला आत्ताच न्या, हॉटेलचं चेक-आउट आहे. मी नाही म्हटलं की बाजूचा नेतो. कधी कधी रागाने बोलतात, व्हिडिओ काढतात माझा. तरी मी नाही म्हणतो.

ताई, तुम्ही विचारलंत ना नको कसं म्हणायचं? भांडण करायची गरज नाही. फक्त म्हणा, "तुम्ही व्हा पुढे, आम्ही पुढच्या फेरीला येतो." एवढंच. आठ माणसं उतरली की बोट आपोआप बारावर येते आणि बोटवाल्याचीही लाज राहते. आणि शेवटची फेरी असेल तर पैसे परत मागू नका वाटल्यास, पण उतरा.

मिशिगनकर

इथे तळ्यांचाच प्रदेश आहे, उन्हाळ्यात प्रत्येक दुसऱ्या घरासमोर बोट. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा दरवर्षी अहवाल येतो. २०२३ मधे मौजेच्या बोटींच्या अपघातात ५६४ जण गेले, ज्यांचं कारण कळलं त्यातले तीन चतुर्थांश बुडून, आणि त्या बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं. बहुतेक बोटींत जॅकेट ठेवणं कायद्याने सक्तीचंच असतं, म्हणजे हाताशी असून अंगात नव्हतं अशीच बहुतेक. जीवघेण्या अपघातांच्या कारणांत दारू वर्षानुवर्षं पहिल्या नंबरला. गाडीला जो नियम तोच बोटीला, हे आपल्याकडच्या पिकनिकवाल्या ग्रुपांना कुणीतरी सांगायला हवं.

इथली मला आवडलेली एक सोय म्हणजे बऱ्याच धक्क्यांवर लाकडी फळी असते, तिच्यावर वेगवेगळ्या मापाची मुलांची जॅकेटं टांगलेली. फुकट घ्या, वापरा, परत लावा. आपल्याकडे एखाद्या मंडळाने गणपतीच्या वर्गणीतून असं करायला काय हरकत आहे? आणि जे स्वतः स्पीडबोट किंवा जेट स्की चालवतात त्यांनी किल स्विचची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला लावाच. चालवणारा पडला तर इंजिन तिथेच बंद होतं, नाहीतर रिकामी बोट गोल फिरत पाण्यातल्या माणसाच्याच अंगावर येते. इथे २६ फुटांपेक्षा लहान बोटींना १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे.

इमर्जन्सीवाली

डॉक्टर आहे, तातडीच्या विभागात काम करते. दोनच गोष्टी लिहिते पण कृपा करून नीट वाचा.

बुडणारा माणूस हात हलवून ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात तो श्वास घेतो, ओरडायला श्वास उरत नाही. डोकं मागे, तोंड उघडं, हात पाण्यावर दाबल्यासारखे, आणि आवाज नाही. मूल खेळता खेळता गप्प झालं तर धावा. पण उडी मारू नका, घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या डोक्यावर चढतो. एका घरातले दोघं-तिघं जातात ते असेच. झाकण लावलेला रिकामा कॅन, दोर, ओढणी, बांबू, जे हाताला लागेल ते टाका.

दुसरं, बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, खांद्यावर घेऊन गोल फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, हे सगळं अजूनही चालतं आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. पोटातलं पाणी काढून काही मिळत नाही, उलट ते फुप्फुसात जातं. श्वास नसेल तर पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने दोन श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब, पुन्हा २ श्वास, मदत येईपर्यंत थांबू नका. बुडालेल्या माणसाला ऑक्सिजन संपल्यामुळे त्रास झालेला असतो, म्हणून इथे नुसते छातीचे दाब पुरत नाहीत. आणि ज्याने पाणी गिळलंय, खोकतोय, तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी दवाखान्यात आणा, काही तासांनी श्वास बिघडू शकतो. समुद्रावर असाल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४, बाकी सगळीकडे ११२.

तांडेलाचा नातू

सईच्या जॅकेटबद्दल राहिलं. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर उचलायचं. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. लहान मुलांच्या जॅकेटला पायांच्या मधून जाणारा पट्टा असतो, तो नसेल तर घेऊच नका. फोम बोटाने दाबून बघा, दाबलेलं तसंच राहिलं किंवा आत कडक चुरा लागला तर ते जॅकेट संपलंय. आणि शिट्टी बांधा एक, अंधारात आवाजच सापडतो.

सईची मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिन्ही मुलांसाठी पट्ट्याची जॅकेटं आणली आणि सोसायटीच्या टँकमधे घालून बघितली. सईला आधी रडू आलं, तिला बोटीतलं आठवलं असणार. मग मी पण घालून उतरले तिच्यासोबत. तिने दहा मिनिटांनी हात सोडले आणि पाठीवर पडून राहिली, जॅकेट हनुवटीच्या खालीच होतं. पुढच्या महिन्यात दिरांना पुन्हा त्याच धरणावर जायचंय. जाऊ, पण सकाळच्या फेरीने आणि दोन बोटींत.

नवीन_सभासद

धागा वाचून विचारतो. येत्या रविवारी आईला घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्यावर जातोय, तिची फार वर्षांची इच्छा आहे. वय ७१, नऊवारी नेसते, पाणी बघितलं की घाबरते. तिला जॅकेट कसं घालायचं? ती म्हणते पदरावर ते बरं दिसत नाही.

देवबागचो

पदर आधी खांद्यावरून पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचायचा, मग त्याच्यावरून जॅकेट, पदर जॅकेटच्या बाहेर लोंबता कामा नये. नऊवारीचा काष्टा असल्याने पाय मोकळे राहतात, सहावारीपेक्षा ते बरंच. चपला काढून पिशवीत, अनवाणी चढू दे, ओल्या फळीवर चप्पल सरकते. चढताना एक जण धक्क्यावर, एक जण बोटीत, आणि लाट बोटीला वर आणते तेव्हा पाय टाकायचा, खाली जाताना नाही. मधल्या फळीवर बसवा, मागे इंजिनाकडे नको, धूर लागतो. सकाळी आठ-साडेआठला मालवणच्या धक्क्यावर या, तेव्हा पाणी निवांत असता. आणि आईक सांगा, माझी आवस पण नऊवारीच नेसता आणि माझ्या होडयेत जॅकेट घातल्याशिवाय बसना नाय.